आगाशेसाहेबांचे खोटे मासे

आमच्या विलाच्या अंगणात दर शुक्रवारी दुपारी एक शुद्ध शाकाहारी माणूस मासे धुवत बसतो.

शाकाहारी म्हणजे अगदी कट्टर. केक पुढे केला तर आधी खोका मागवणार, चष्मा कपाळावर चढवून अंडं आहे की नाही ते वाचणार, मग केक परत करणार. असा हा माणूस बादलीत गोडं पाणी घेतो, त्यात एकेक मासा बुडवतो, जुन्या टूथब्रशने त्याचं पोट घासतो आणि पांढऱ्या पंचावर ओळीने वाळत घालतो. मासे खोटे असतात. कुणी प्लास्टिकचा, कुणी रबराचा, कुणी शिशाचा. पण धुणं इतकं मन लावून चालतं की नव्या माणसाला वाटावं, आता हे गृहस्थ यांना हळद-मीठ लावणार.

हे आगाशेसाहेब. राहायला आमच्या डोक्यावर. कतारात अल अझीझियातला विला म्हटलं की गावाकडच्या लोकांना केवढं तरी वाटतं, पण मालकाने मधे मधे भिंती घालून त्याची पाच-सहा घरं केलीत. वरचं हवेशीर घर साहेबांचं, मागचं खालचं आमचं. मी हनिफ, हर्णैच्या बाजूचा, एका काँट्रॅक्टरच्या गोदामात स्टोअरकीपर. साहेब गॅस प्लांटमध्ये पाइप तपासणारे इंजिनिअर, नाशिकचे. आडनाव बघा, मूळ आमच्याच कोकणातले. कुठल्यातरी पिढीत घाट चढून वर गेले आणि मासे खालीच विसरले, असं मी त्यांना तोंडावर म्हणतो. ते रागावत नाहीत. थोडा विचार करून म्हणतात, "शक्य आहे." इंजिनिअर माणूस, पुराव्याशिवाय हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

हा नाद त्यांना लागला तोही चुकून. प्लांटमधला एक फिलिपिनो सहकारी कायमचा मायदेशी चालला होता, त्याने जाताना आठवण म्हणून एक चकचकीत मासा दिला. साहेबांना वाटलं कीचेन आहे. त्यांनी त्याला गाडीची किल्ली लावून तो खिशात घातला. व्हायचं तेच झालं. मीटिंगमध्ये उभे राहिले तर त्या माशाच्या पोटाखालची गरी पँटीत अशी रुतलेली की पाय सरळ होईना, आणि मोठ्या साहेबांसमोर एका पायावर वाकून प्रेझेंटेशन द्यावं लागलं. दुसऱ्या कुणी ती वस्तू फेकून दिली असती. साहेबांनी त्या रात्रीपासून तिचा अभ्यास सुरू केला.

अमेरिकेत बास नावाचा एक गोड्या पाण्यातला मासा असतो म्हणे. तिकडे माणसं आयुष्यं घालवतात त्याच्यापायी. कोणत्या पाण्यात, कोणत्या उजेडात त्याला कसला खोटा मासा दाखवायचा यावर तासन्‌तास बोलतात. साहेबांनी ते सगळे व्हिडिओ बघितले आणि बासची विद्या आमच्या इथल्या हामूरवर चालवली. हामूर म्हणजे आपला हेकरू. दोघांचा स्वभाव एकच, असं त्यांचं म्हणणं: दगडाआड दबा धरून बसायचं आणि समोरून जाईल त्यावर झडप घालायची.

आमच्याकडे गरवायला जायचं म्हणजे गरीला कोळंबी लावायची, नाहीतर माकूल. साहेबांना कोळंबीला हात लावणं शक्य नव्हतं. खोट्या माशाचं तसं काही नाही, साबणाने धुतला की संपलं. बरं, मासा लागला तर? तर सोडून द्यायचा. त्यासाठी प्रत्येक गरीचा उलटा काटा ते पकडीने दाबून सपाट करतात, म्हणजे माशाला इजा होत नाही. मासा वर आला की गुडघाभर पाण्यात उतरतात, गरी अलगद सोडवतात, त्याच्या पोटाखाली हात धरून त्याचं तोंड प्रवाहाकडे करतात, त्याला दम खाऊ देतात, आणि म्हणतात, "जा बाबा, माफ कर." की गेला मासा.

आणि मी काठावर रिकामी पिशवी घेऊन उभा. अहो, हामूर! बाजारात ज्याचा भाव ऐकून आम्ही मुकाट स्वस्त शेरी माशाच्या ढिगाकडे वळतो, तो हामूर माझ्या डोळ्यांदेखत शेपटी हलवत परत जायचा. मी एकदा हात जोडून म्हटलं, साहेब, तुम्ही नका खाऊ, मला द्या, माझी पोरं दुवा देतील. तर म्हणाले, "माझ्या हातून जीव जायला नको, हनिफभाई." मी म्हटलं, तुमच्या हातून नाही जाणार, माझ्या हातून जाईल. त्यावर त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "धरून कोणी दिला मग?" तरी मी त्यांच्यासोबत जायचो. गाडी त्यांची, चहाचा थर्मास त्यांचा, आणि समुद्र बघितला की मला घरचं वाटतं. माझी गरी आणि कोळंबी घेऊन मी जरा लांब बसायचो. त्या जागेला ते नॉनव्हेज सेक्शन म्हणायचे.

त्यांच्या पेटीतल्या प्रत्येक खोट्या माशाला नाव आहे. पारदर्शक, जेमतेम बोटाएवढा, तो लाजरा. हिरवाकंच तो पोपट. पोटात छर्रे भरलेला खुळखुळा. पाण्यावर तोंड आपटत, बुडबुड करत येतो तो भांडखोर. आणि काळा, जड, तळाशी जाऊन बसणारा हेडमास्तर. किनाऱ्यावर पोचलं की पेटी लगेच उघडायची नाही. आधी हात मागे बांधून पाण्याकडे बघत उभं राहायचं आणि विचारायचं, "पाणी काय म्हणतंय?" हा प्रश्न मला नसतो, पण उत्तर मी द्यायचो, म्हणायचो, पाणी म्हणतंय चहा काढा.

उजाडताना पाणी निवांत असेल तर भांडखोर. ऊन वर आलं, तळ दिसायला लागला की लाजरा, तोही बारीक तंगुसाच्या दोरीला, कारण नितळ पाण्यात माशाला सगळंच दिसतं. उत्तरेकडून शमाल वारा वाहून गेला की दोन दिवस पाणी गढूळ. तेव्हा खुळखुळा किंवा पोपट, कारण दिसत नसेल तर निदान ऐकू तरी गेलं पाहिजे. भर दुपारी मासा खोल कपारीत, तिथे हेडमास्तर. आणि जानेवारीतल्या गार पाण्यात मऊ रबराचा मासा, अगदी सावकाश. "गार पाण्यात त्याला भूक असते हनिफभाई, उठायचा कंटाळा असतो. त्याच्या तोंडापाशी न्यायचं आणि थांबायचं. थांबणं जमलं पाहिजे."

ही विद्या समुद्रापुरती राहिली असती तर ठीक होतं. साहेब ती माणसांवरही लावायचे. एकदा मला ईदसाठी रजा हवी होती आणि आमचा मॅनेजर सकाळपासून पेटलेला. साहेब म्हणाले, आज गढूळ पाणी आहे, बारीक आवाजात काही सांगू नका, दिसणारच नाही. ठळक, मोठ्याने, एकदाच. मी तसा गेलो, दारातूनच ओरडून रजा मागितली, आणि अल्लाची मेहेरबानी, मिळाली. मग हिंमत वाढली. माझ्या बायकोशी, रुख्सानाशी, काहीतरी बिनसलं होतं, तर त्यांनी निदान केलं की पाणी नितळ आहे, चकचकीत काही टाकू नका, लहान आणि साधं. मी एक गजरा आणला. तिने तो बघितला, मला बघितलं आणि विचारलं, काय फोडलंत? तेव्हापासून ती साहेबांना मच्छीमार डॉक्टर म्हणते.

वसुधावहिनी, म्हणजे साहेबांच्या मिसेस, या सगळ्याला हसायच्या. वहिनी माहेरच्या प्रधान, चौलकडच्या. मासे खाऊन वाढलेल्या. लग्न झालं आणि मासे सुटले. कोणी जबरदस्ती केली म्हणून नव्हे. साहेबांना माशाचा वास सहन होत नाही. नव्या नवलाईत शेजारी कुठे मासे तळले तर ते दोन दिवस नीट जेवले नव्हते. ते बघून वहिनींनी आपण होऊन सोडलं आणि पुन्हा विषय काढला नाही. समुद्रातून नुकत्याच निघालेल्या जिवंत माशाला वास नसतो, म्हणून तो साहेबांना चालतो. मेला की नाही चालत. इतकं सोपं गणित.

मागच्या दिवाळीच्या सुमारास वहिनींना आजार निघाला. कोणता ते साहेबांनी एकदाच सांगितलं आणि पुन्हा त्याचं नाव घेतलं नाही, म्हणून मीही घेत नाही. ऑपरेशन झालं, मग सलाइनमधून औषधं सुरू झाली. केस गेले त्याचं वहिनींनी काही वाटून घेतलं नाही, पण चव गेली. काहीही तोंडात घातलं तरी खिळा चोखल्यासारखं लागतं म्हणायच्या. भरल्या अंगाची बाई बघता बघता वाळून गेली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल, आणि लांबवणं बरं नाही. झालं, साहेबांच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली: वसूने जेवलं पाहिजे.

शुक्रवारचं गरवणं बंद पडलं. सगळी विद्या स्वयंपाकघरात आली. गरम अन्नाचा वास उग्र होतो म्हणून गार देऊन बघितलं. मोठं ताट बघून तिचं मन भरतं म्हणून सगळं वाट्यांतून लहान लहान केलं. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात दिसत नाही म्हणून पिवळ्या ताटल्या आणल्या. मी एकदा कुरिअरचं पार्सल द्यायला वर गेलो, तर दार उघडंच होतं. वहिनी खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या आणि साहेब समोर स्टुलावर, हातात दहीभाताचा चमचा घेऊन. चमचा तोंडापासून चार बोटांवर धरलेला. पुढे नेत नव्हते, बोलत नव्हते, हलतही नव्हते. नुसते थांबले होते. मी पार्सल तिथेच ठेवून खाली आलो.

एक दिवस वहिनी रुख्सानाला सहज बोलून गेल्या की आईच्या हातचं कालवण असतं तर दोन घास गेले असते. झालं. दुसऱ्या दिवशी रुख्साना डबा घेऊन वर हजर. वहिनींनी झाकण काढलं, डोळे मिटून वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि झाकण लावून डबा परत दिला. ह्यांना त्रास होतो गं, म्हणाल्या. रुख्साना म्हणाली, मग खाली आमच्याकडे येऊन खा, ताई. तर म्हणाल्या, आणि तोच वास घेऊन वर ह्यांच्याशेजारी जाऊन बसू?

साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी वहिनींना परोपरीने सांगितलं की मला काही होत नाही, तू खा. वहिनी म्हणाल्या, आरशात तोंड बघा तुमचं, मग बोला. तेव्हा ते सिद्ध करायला मला घेऊन मासळी बाजारात गेले. पहिल्या ओट्यापर्यंत ताठ मानेने चालले. दुसऱ्यापाशी कपाळ पुसलं. तिसऱ्यापाशी त्यांचा चेहरा असा झाला की मासेवाल्या बंगाल्यानेच त्यांना दंड धरून बाहेर आणून बसवलं. परत येताना बाजारात जाऊन आल्याची खूण म्हणून त्यांनी कोथिंबिरीची जुडी घेतली. वहिनींनी ती जुडी बघितली आणि सगळं ओळखलं.

पण हा माणूस हार मानणाऱ्यातला नाही. संध्याकाळी अंगणात मला म्हणाले, "ती माझ्या तोंडाकडे बघून खात नाही. मी स्वतः धरून आणला, स्वतः साफ केला, तर तिला पटेल. ताज्याला वास नसतो." मी विचारलं, साहेब, साफ करायचा म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? आधी मारावा लागतो. मग म्हणाले, "शिकवा."

रुख्सानाने शिकवलं. मासा समोर ठेवून शिकणं शक्य नव्हतं, म्हणून दोडका घेतला. दोडक्याच्या शिरा म्हणजे खवलं, ती शेपटीकडून डोक्याकडे काढायची. हे पोट, इथून चीर द्यायची. हे आतलं बाहेर. दोडका साफ करताना साहेबांच्या कपाळावर घाम. सोललेला दोडका त्यांनी पाण्याखाली असा धुतला, जसं काही त्यालाच लागलंय. मी हसत होतो, रुख्साना मात्र हसली नाही. तिने दुसरा दोडका पुढे ठेवला. आणि त्याच संध्याकाळी साहेबांनी पेटी उघडून नव्या गऱ्या काढल्या. त्यांचे उलटे काटे त्यांनी दाबले नाहीत. हे मी बघितलं आणि माझी थट्टा करायची हौस तिथेच संपली.

पहिल्या शुक्रवारी शमाल सुटलेला, समुद्र नुसता चिखल. खुळखुळा वाजून वाजून थकला. दुसऱ्या शुक्रवारी शेरीचं एक पोरसवदा पिल्लू लागलं, ते सोडण्यावाचून इलाज नव्हता. तिसरा आला तेव्हा रविवारी वहिनींचं वजन व्हायचं होतं. आदल्या संध्याकाळी वहिनींनी दिवसभरात काय खाल्लं विचारलं तर साहेब म्हणाले, दोन खजूर. तेही, म्हणाले, मी बघत होतो म्हणून.

वक्रा गावाच्या पुढे एक जागा आहे, किनाऱ्यालगत पाण्यात खडक आहेत, तिथे आम्ही उजाडता पोचलो. थंडी मरणाची. कतारात थंडी नसते म्हणणाऱ्याला जानेवारीत पहाटे त्या वाऱ्यात उभं करावं. साहेब हात मागे बांधून पाण्याकडे बघत उभे राहिले. मी चहाचं काही बोललो नाही. मग त्यांनी मऊ रबराचा करडा मासा काढला, खडकापलीकडे फेकला, तळाला जाऊ दिला, वीतभर ओढला आणि थांबले. पुन्हा वीतभर, पुन्हा थांबले. मी माझी कोळंबी लावलीच नाही. बरकतीचं काम त्यांच्या हातून व्हायचं होतं, मधे मी कशाला पडू?

ऊन पाठीवर आलं तेव्हा रॉड वाकला. बघताक्षणी कळलं की मोठा आहे. हामूर लागला की कपारीत शिरून बसतो, मग तंगूस तुटतो, पण साहेबांनी त्याला शिरू दिला नाही. हूं नाही की चूं नाही, दात घट्ट आवळून त्याला वर आणला. तपकिरी ठिपक्यांचा, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल असा हामूर. मी ओरडून सांगितलं, धरून ठेवा, आणि सुरी न्‌ बर्फाची पेटी आणायला गाडीकडे पळालो.

परत आलो तर साहेब गुडघाभर पाण्यात. गरी सोडवलेली. एक हात माशाच्या पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. मला वाटलं, धुतायत. आणि मी ऐकलं, अगदी नेहमीच्या आवाजात ते म्हणाले, "जा बाबा, माफ कर."

मासा गेला.

साहेब तसेच वाकून उभे. मग त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. पुढचे, मागचे, असे उलटसुलट करून बघितले.

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. वयाने मोठा माणूस, पण मी त्यांचं घाटावरचं खानदान काढलं, अमेरिकेतला बास काढला, सुरी वाळूत फेकली. ते ऐकत राहिले. नंतर पाण्यातून बाहेर आले, बर्फाच्या पेटीवर बसले आणि म्हणाले, "मी सोडला नाही, हनिफभाई. हातच गेले."

मी वाळूतली सुरी उचलली.

"परवा वजन आहे," ते म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. मी त्यांच्या बाजूला जाऊन बसलो आणि उगाच त्यांच्या बुटातली वाळू झटकत राहिलो.

परतताना मीच म्हटलं, बाजारातून एक हामूर घेऊ, आपणच धरला म्हणून सांगू. बाहेरच्या बाहेर मी साफ करून देतो, तुम्ही नुसता हातात धरून जिना चढा. साहेबांनी गाडी चालवता चालवता मान हलवली. वसूशी असलं चालत नाही, म्हणाले.

घरी आलो तेव्हा वहिनी अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसल्या होत्या, डोक्याला स्कार्फ, अंगावर शाल. रुख्साना जवळ बसून मेथी निवडत होती. रिकामी पेटी कोणाच्या नजरेतून सुटली नाही. साहेबांनी समोर उभं राहून सगळं सांगितलं, शाळेतल्या मुलाने सांगावं तसं. काही लपवलं नाही. मधे वहिनींनी विचारलं केवढा होता, तर हात पसरून दाखवला. वहिनींच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं. "आता पुढच्या शुक्रवारी पुन्हा?" त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, पुन्हा. आणि या वेळी मी सुरी जवळच ठेवणार.

वहिनींनी त्यांच्या ओल्या पँटीकडे बघितलं. मग रुख्सानाकडे वळून म्हणाल्या, "आज काय केलंयस गं?"

"शेरीचं सालन आहे, ताई."

"मला वाढशील?"

रुख्सानाच्या हातातली मेथी तशीच राहिली. वहिनी शाल सावरत उठल्या. साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू मला म्हणाल्या, "एक जीव मारून आला ना हा माणूस, तर जन्मभर झोपायचा नाही. मला माहीत आहे. त्यापेक्षा मी खाते."

मी जुम्म्याची नमाज पढून आलो तोवर पानं घेतली होती. आम्ही खाली बसतो, वहिनींसाठी खुर्ची आणि छोटं टेबल लावलं होतं. साहेब दारात. वहिनींनी त्यांना सांगितलं, तुम्ही वर जा, इथे वास भरलाय. ते वर गेले नाहीत. आत आले, दुसरी खुर्ची ओढली आणि वहिनींच्या शेजारी बसले. रुख्सानाने भात वाढला, वर सालन, त्यात शेरीचे दोन तुकडे.

वहिनींनी तुकड्याला हात घातला आणि थांबल्या. औषधांनी त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. शर्टाचं बटण बोटात आहे की नाही ते कळत नव्हतं, तिथे माशाचा काटा काय कळणार? त्यांनी दोनदा चाचपून बघितलं आणि हात मागे घेतला. रुख्साना पुढे वाकली, तेवढ्यात साहेबांनी ताटली स्वतःकडे ओढली.

"मी बघतो."

तोंडाने श्वास घेत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मान एका बाजूला वळलेली, जबडा आवळलेला. पण बोटं चुकत नव्हती. त्यांनी मधला मोठा काटा उचलून काढला, मग बारीक काटे, एकेक, ताटलीच्या कडेला लावत. काढून झाल्यावर प्रत्येक घास दोन बोटांत दाबून बघायचे, काही राहिलं नाही ना, आणि मगच भातावर ठेवायचे. एकदा त्यांना उमासा आला. ते उठले, खिडकीशी जाऊन दोन श्वास घेतले, परत येऊन बसले आणि पुढचा तुकडा घेतला. वहिनी म्हणाल्या, अहो, पुरे. त्यांनी ऐकलं नाही.

वहिनींनी पहिला घास तोंडात घेतला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. आम्ही तिघेही दुसरीकडे बघत होतो. रुख्साना तर रिकाम्या पातेल्यात पळी फिरवत होती.

"आंबट आहे," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, "कोकम घातलंय. आई चिंच घालायची."

साहेबांनी मान वर केली. किती आठवड्यांनी तिने कशाची तरी चव सांगितली होती. ते पुन्हा खाली बघून कामाला लागले. वहिनींनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. रुख्सानाने आणखी भात वाढला, तर नको म्हणाल्या नाहीत.

साहेबांचे हात मनगटापर्यंत सालनाने माखले होते. ते बघून रुख्साना आत गेली आणि वाडग्यात गरम पाणी, लिंबाची फोड आणि टॉवेल घेऊन आली. साहेब, हात धुऊन घ्या, म्हणाली, लिंबाने लगेच वास जातो.

"राहू द्या, भाभी," साहेब म्हणाले. "तिचं व्हायचंय अजून."